अमेरिकेत बीफ उद्योगाच्या प्रसाराची उन्हाळी इंटर्नशिप : मराठी विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

राहुरी, परभणी, अकोला, दापोलीहून कृषी पदवी घेऊन किंवा नागपूर, परळ, शिरवळहून व्हेटरनरी करून मराठी मुलंमुली अमेरिकेत अ‍ॅनिमल सायन्सच्या एमएसला येतात. पहिल्याच हिवाळ्यात विभागाच्या ईमेलवर राज्याच्या बीफ कौन्सिलची (बीफचा प्रसार करणाऱ्या मंडळाची) किंवा गुरंपालकांच्या संघटनेची उन्हाळी जागा जाहीर होते, आणि मग माझ्याकडे मेसेज यायला लागतात. मी कॅन्ससमध्ये शिकत असताना असं काम केलं आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. मला हे काम मनापासून आवडतं, पण ते प्रत्येकासाठी नाही, आणि ते कोणासाठी नाही हेही खाली स्पष्ट लिहिलं आहे.

ही इंटर्नशिप म्हणजे नेमकं काय?

मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, साधारण दहा ते बारा आठवड्यांचं पगारी काम. तुम्ही बीफ विकत नाही. कोणत्याही कंपनीचा माल तुमच्या हातात नसतो. गुरं कशी वाढवतात, मांसाचा कोणता भाग कसा शिजवायचा, त्यात पोषण काय, औषधं कधी देतात, हे ग्राहकांना, शिक्षकांना, आहारतज्ज्ञांना आणि शाळकरी मुलांना समजावून सांगायचं असतं.

जागा वेगवेगळ्या प्रकारच्या असतात. राज्य बीफ कौन्सिलमध्ये प्रसाराचं आणि शिक्षणाचं काम असतं. नॅशनल कॅटलमेन्स बीफ असोसिएशन या राष्ट्रीय संघटनेचं मुख्य कार्यालय कोलोरॅडोतल्या सेंटेनियलला आहे. तिच्या वॉशिंग्टनच्या कार्यालयात धोरणविषयक इंटर्न घेतात. हिवाळ्यात तिचं वार्षिक अधिवेशन भरतं, त्यासाठी थोड्या दिवसांचे इंटर्न लागतात. अर्ज करताना आपण नक्की कशाला अर्ज करतो आहोत ते नीट वाचा, कारण धोरणाच्या आणि प्रसाराच्या कामात मोठा फरक आहे. तो पुढच्या उत्तरात येईल.

पगार येतो कुठून? उद्योगाचा पैसा म्हणजे मोठ्या कंपन्यांचा पैसा का?

या प्रश्नाचं उत्तर पाठ असल्याशिवाय कोणीही मुलाखतीला जाऊ नये, असं माझं मत आहे.

अमेरिकेत गाय, बैल, वासरू काहीही विकलं गेलं की विकणाऱ्याच्या पैशातून एक डॉलर कापला जातो. याला सगळे ‘चेकऑफ’ म्हणतात. संसदेने १९८५ साली बीफ प्रमोशन अँड रिसर्च अ‍ॅक्ट केला आणि १ ऑक्टोबर १९८६ पासून वसुली सुरू झाली. १९८८ मध्ये गुरंपालकांचं मतदान घेतलं तेव्हा ७९ टक्क्यांनी बाजूने कौल दिला आणि हा डॉलर कायमचा सक्तीचा झाला. बाहेरून गुरं किंवा बीफ आयात करणाऱ्यांनाही तेवढ्याच हिशोबाने भरावं लागतं. एकच जनावर आयुष्यात दोन-तीनदा विकलं गेलं तर प्रत्येक वेळी डॉलर जातो. वासरं जन्माला घालणारा शेतकरी देतो, त्यांना चरायला घेणारा देतो, शेवटी फीडलॉटवाला, म्हणजे गुरं कुंपणात ठेवून खुराकावर पुष्ट करणारा, तोही देतो.

राज्यात गोळा झालेल्या डॉलरमधले पन्नास सेंटपर्यंत राज्याचं कौन्सिल ठेवू शकतं, उरलेले पन्नास कॅटलमेन्स बीफ बोर्ड या राष्ट्रीय मंडळाकडे जातात. राष्ट्रीय पातळीवरचा खर्च वीस जणांची एक समिती ठरवते, त्यातले दहा बोर्डाचे आणि दहा राज्य कौन्सिलांच्या महासंघाचे. या सगळ्यावर कृषी खात्याची देखरेख असते. थोडक्यात, तुमचा पगार बहुतांशी चाळीस-पन्नास गायी राखणाऱ्या कुटुंबांपासून हजारो जनावरांच्या फीडलॉटपर्यंत सगळ्यांच्या डॉलरमधून येतो. पॅकिंग कंपन्यांचा, म्हणजे गुरं कापून मांस विकणाऱ्यांचा, पैसा नाही असं मात्र सरसकट बोलू नका, कारण दहा दिवसांहून जास्त काळ स्वतःच्या मालकीची गुरं ठेवणाऱ्या कंपन्याही चेकऑफ भरतात.

तो डॉलर १९८६ पासून एकचा दोन झालेला नाही, आणि महागाईमुळे त्याची किंमत तेव्हाच्या जेमतेम एक तृतीयांश उरली आहे. टेक्ससने २०१४ साली राज्याचा वेगळा डॉलर मतदानाने सुरू केला तो याच अडचणीतून.

मग हे सरकारी काम आहे की लॉबिंग?

चेकऑफचा पैसा सरकारी धोरणावर प्रभाव टाकायला वापरता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. ज्या संघटना दोन्ही कामं करतात त्यांना दोन वेगळे हिशोब ठेवावे लागतात. काही ठिकाणी तुम्हालाही कोणता तास कोणत्या कामात गेला हे लिहून द्यावं लागेल. कंटाळा न करता लिहा, त्यामागे खूप मोठं कारण आहे.

चेकऑफच्या सक्तीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. आम्हाला न पटणाऱ्या जाहिरातींसाठी आमच्याकडून सक्तीने पैसे का घेता, असा काही गुरंपालकांचा आणि बाजार चालवणाऱ्यांचा सवाल होता. २००५ मध्ये कोर्टाने सांगितलं की हे सरकारचंच म्हणणं मांडणं आहे, म्हणून वसुली वैध. वाद तिथे संपला नाही. आजही जत्रेत एखादा रँचर (कुरणावर गुरं पाळणारा) तुमच्या टेबलापाशी थांबून विचारेल, “माझ्या डॉलरचं केलंत काय?” त्याच्याशी वाद घालू नका. त्याचा डॉलर आहे, त्याला विचारायचा हक्क आहे. वर्षाचा खर्चाचा अहवाल छापील मिळतो, त्याची एक प्रत टेबलावर ठेवत जा.

मी बीफ खात नाही. घरी गाय पूजली जाते. मी हे काम करू शकते का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संकोच असतो. संकोचाचं कारण नाही.

मी सांगलीकडची. आमच्याकडे बेंदराला बैलांची शिंगं रंगतात, त्यांना पुरणपोळी भरवली जाते. मी बीफ खात नाही. मुलाखतीत हे मी स्वतःहून सांगितलं, कारण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ताट पुढे करणार हे उघड होतं. त्यांनी एवढंच विचारलं की चवीबद्दल कोणी विचारलं तर काय सांगशील. मी म्हटलं, चवीचं माझ्या सहकाऱ्याला विचारा म्हणेन. तुकडा कोणता, किती तापमानाला शिजवायचा, जनावर कुठे वाढलं, हे मी सांगेन.

सगळीकडे असं होईलच असं नाही. काही जागा पूर्णपणे स्वयंपाकाच्या, चवीच्या, रेसिपीच्या व्हिडिओंच्या असतात. तिथे न खाणाऱ्या माणसाला घ्यायला ते कचरतील आणि त्यात त्यांचं फारसं चुकणार नाही. पंधरा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला धर्माच्या कारणाने वाजवी सवलत देणं अमेरिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे, पण बरीच राज्य कौन्सिलं त्याहून लहान असतात. म्हणून कायद्यावर विसंबण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. शिक्षण, लेखन, छायाचित्रण, गुरंपालकांशी संपर्क, अशा जागा आपल्याला जास्त सोयीच्या.

खरा प्रश्न खाण्याचा नाहीच. गुरं मांसासाठी पाळणं हेच मुळात तुम्हाला अनैतिक वाटत असेल, तर हे काम घेऊ नका. उन्हाळाभर रोज पटत नसलेलं बोलणं माणसाला आतून पोखरतं, आणि समोरच्यालाही ते कळतं. आपण खात नाही, पण दुसऱ्याने खाण्यात गैर वाटत नाही आणि जनावर नीट राखलं जावं याची मनापासून काळजी आहे, असं असेल तर तुम्ही इथे चांगलं काम कराल. गोव्यातून किंवा वसईतून आलेल्या, घरात बीफ खाल्लं जाणाऱ्या मुलांना हा प्रश्न पडतही नाही. त्यांनी हे उत्तर सोडून पुढे जावं.

घरी काय सांगायचं?

खरं सांगायचं. जाहिरात विभागात आहे, शेतीच्या ऑफिसात आहे, असं अर्धवट सांगितलंत की फेसबुकवरचा पहिला फोटो सगळं उघड करतो आणि मग रागापेक्षा लपवल्याचं दुःख मोठं होतं. आईवडिलांना काम काय आहे, कोणाकडे आहे, किती दिवसांचं आहे, हे फोनवर शांतपणे सांगा. आजी-आजोबांना किती तपशील द्यायचा ते तुमच्या घराचं तुम्ही ठरवा.

आपल्याकडे गोवंशहत्याबंदी आहे. या कामाने कायद्याची काही अडचण?

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईंची कत्तल बंद झाली आणि मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींनी मंजूर केलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. तो कायदा महाराष्ट्राच्या हद्दीतला आहे. कॅन्ससमध्ये तुम्ही केलेल्या कामाशी त्याचा संबंध नाही. भेट म्हणून मिळालेलं बीफ जर्की मात्र भारतात घेऊन जाऊ नका.

इथला धंदा आपल्या पशुपालनापेक्षा वेगळा कसा?

आपल्याकडे एक गाय दूध देते, तिचा गोऱ्हा नांगराला जातो, शेणाचं खत होतं. इथे मांसाची गुरं आणि दुधाची गुरं जवळजवळ वेगळी जगं आहेत, आणि मांसाच्या गुरांतही एका जनावराचे मालक बदलत जातात.

पहिला टप्पा वासरांचा. रँचवर गाय आणि वासरू गवतावर असतात; सहा ते दहा महिन्यांनी वासरू दुधापासून तोडतात. काही वासरं मग पुन्हा कुरणात जातात. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये दरवर्षी वसंतात गवत मुद्दाम जाळतात, नव्या फुटव्यावर बाहेरून आणलेली तरणी जनावरं उन्हाळाभर चरतात आणि झपाट्याने वजन धरतात. शेवटचे चार ते सहा महिने फीडलॉट, तिथे मक्याचा खुराक. दीड ते दोन वर्षांचं होईपर्यंत जनावर तेराशे-चौदाशे पौंडांच्या घरात जातं, मग पॅकिंग प्लांट. म्हणजे ‘ग्रास-फेड’ (गवतावर वाढवलेलं) असं लिहिलेलं नसलं तरी बहुतेक जनावरांचं बरंचसं आयुष्य गवतावरच जातं. हे लोकांना माहीत नसतं, आणि सांगायला सगळ्यात सोपी आणि खरी गोष्ट हीच आहे.

देशातला गुरांचा एकूण आकडा १ जानेवारी २०२५ ला सुमारे ८ कोटी ६७ लाख होता, १९५१ नंतरचा सगळ्यात कमी. दुष्काळाच्या वर्षांत रँचरनी गायी विकल्या. कळप पुन्हा वाढवायचा तर कालवडी राखाव्या लागतात, आणि राखलेली कालवड म्हणजे बाजारात न आलेलं मांस. दुकानातला भाव का चढला हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. त्याच बरोबर हेही सांगायला हवं की फीडलॉटमधून निघणाऱ्या जनावरांपैकी सुमारे ८५ टक्के चारच कंपन्या कापतात, आणि या एकवटण्याबद्दल स्वतः गुरंपालकांमध्ये खूप असंतोष आहे.

रोज करायचं काय असतं?

एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो. ऑफिसातले दिवस सोशल मीडियाच्या पोस्ट, बातमीपत्र, शिक्षकांना पाठवायच्या साहित्याच्या पेट्या भरणं, फोटोंची वर्गवारी यांत जातात. बाहेरचे दिवस काउंटी फेअर (तिकडच्या जिल्ह्याची जत्रा), फोर-एच या युवा संघटनेतल्या मुलांची गुरांची स्पर्धा, शेतीचे मेळावे, सुपरमार्केटमधली प्रात्यक्षिकं यांचे.

सुपरमार्केटचं प्रात्यक्षिक छोटं वाटतं, पण सगळं शिक्षण तिथे होतं. मांसाच्या काउंटरजवळ टेबल, त्यावर विजेचा तवा, टूथपिक, हातमोजे आणि तापमापक. खिमा १६० अंश फॅरनहाइटला गेलाच पाहिजे. अख्खा स्टेक १४५ ला काढून तीन मिनिटं ठेवला तरी चालतो. असं का? स्टेकवर जंतू असले तर ते वरच्या बाजूला असतात, तिथे तवा लागतोच. खिम्यात वरचं आत मिसळलेलं असतं. तापमापक मधोमध खुपसून आकडा दाखवला की लोक थांबतात. एकदा एका बाईंनी पाकीट उघडून माझ्यापुढे धरलं: वरून लालभडक, आतून तपकिरी. ‘जुनं मांस वर नव्याने झाकलंय’ असा त्यांचा ठाम समज होता. स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाला हवा लागली की ते लाल होतं, आत हवा पोचत नाही म्हणून तिथे रंग गडद राहतो. उघडून थोडा वेळ ठेवा, पुन्हा लालसर होईल, असं सांगितलं. त्या खरेदी आटोपून परत आल्या आणि पाकीट पुन्हा दाखवलं. रंग आला होता.

फीडलॉट आणि रँच बघायला मिळतात का?

मिळतात, आणि नाही मिळाले तर मागून घ्या. जे आपण बघितलं नाही त्याबद्दल लोकांशी बोलू नये.

फीडलॉटला पहाटे जा. पहाटेच एक माणूस पिकअप हळूहळू चालवत मैलभर लांबीच्या गव्हाणींच्या कडेने जातो आणि प्रत्येक कळपाच्या गव्हाणीत रात्रीचं किती उरलंय ते बघतो. नुसती रिकामी आहे की चाटून चाटून ओली झाली आहे, यावरून त्या दिवशीचा खुराक ठरतो. एकदम जास्त मका पडला तर पोटात आम्ल वाढतं, जनावर खाणं सोडतं, लंगडतंही. वाफवून चपटा केलेल्या मक्याचा वास त्या हवेत भरलेला असतो, आपल्याकडे कणसं उकडताना येतो तसा.

मग घोड्यावरचे पेन रायडर कळपांत शिरतात. त्यांचं काम आजारी जनावर हुडकणं. शिकार होणारा प्राणी आजार लपवतो, माणूस जवळ आला की मान वर करून उभा राहतो. म्हणून चांगला रायडर लांबूनच कान, कूस आणि चाल बघतो. फीडलॉटमध्ये सगळ्यात जास्त त्रास श्वसनाच्या आजाराचा, तोही आल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत. आपल्या व्हेटरनरीच्या मुलांना हे बघायला मिळणं म्हणजे पर्वणी. गुरं नीट हाताळायला शिकवणारं ‘बीफ क्वालिटी अ‍ॅश्युरन्स’चं प्रशिक्षण आधी करून जा: इंजेक्शन मानेतच द्यायचं, पुठ्ठ्यावर नाही, गुरांना ओरडून हाकायचं नाही, जनावराच्या खांद्याच्या रेषेमागे उभं राहिलात तर ते पुढे चालतं, पुढे उभं राहिलात तर मागे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या टेम्पल ग्रँडिन यांनी गुरांच्या नजरेतून वाटा आणि कुंपणं आखण्याची पद्धत रूढ केली. ती कुठे पाळली आहे आणि कुठे नाही, हे एकदा कळलं की लगेच दिसायला लागतं.

कत्तलखान्यात जावं लागतं का?

सक्ती नसते. मला गेलं पाहिजे असं वाटलं म्हणून मी गेले. जनावराला आधी कपाळावर बोल्टच्या यंत्राने बेशुद्ध करतात, तसं करणं १९५८ च्या कायद्यापासून चालत आलेलं बंधन आहे, आणि केंद्र सरकारचे तपासनीस प्लांट चालू असेपर्यंत तिथेच असतात. थंडी, आवाज, ओली फरशी आणि कामाचा प्रचंड वेग. गार्डन सिटी, डॉज सिटी, लिबरल या गावांपाशी असलेल्या प्लांटमध्ये जगभरातून आलेली माणसं एका ओळीत सुऱ्या चालवतात, आणि त्यांच्या मनगटांचं काय होतं हे बघितल्यावर मांसाची किंमत वेगळी वाटायला लागते. जमणार नसेल तर नाही म्हणा. कोणी कमी लेखत नाही.

लोक टोचणारे प्रश्न विचारतात तेव्हा काय सांगायचं?

‘मास्टर्स ऑफ बीफ अ‍ॅडव्होकसी’ नावाचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो बहुतेक इंटर्नना करायला लावतात. चांगला आहे. पण तो उद्योगानेच तयार केला आहे हे लक्षात ठेवून बाहेरचंही वाचा.

गुरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेन या हरितगृह वायूचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या एकूण हरितगृह वायूंत सगळ्या शेतीचा वाटा सुमारे दहा टक्के, आणि मांसाच्या गुरांचा थेट वाटा दोनेक टक्के. हा आकडा तुम्हाला शिकवला जाईल. जगभरात सगळ्या पशुपालनाचा वाटा मात्र अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये १४.५ टक्के आणि २०२३ मध्ये सुमारे १२ टक्के दिला. दोन्ही खरे आहेत, कारण मोजलेली गोष्ट वेगळी आहे: एकात अमेरिकेची फक्त मांसाची गुरं, दुसऱ्यात जगातली सगळी पाळीव जनावरं, त्यांचा चारा पिकवण्यासकट. या विषयावर वाचन केलेल्या माणसाला फक्त पहिला आकडा ऐकवलात तर त्यानंतर तो तुमचं काहीच खरं मानणार नाही. मी दोन्ही सांगते.

कर्करोगाबद्दल विचारतात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस ‘कर्करोग होतो’ या गटात आणि लाल मांस ‘होण्याची शक्यता आहे’ या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. हे नाकारू नका. तीन औंस शिजलेल्या बीफमध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं, शिवाय लोह, झिंक आणि ब-१२ असतं, हेही तितकंच खरं. वैयक्तिक आजाराबद्दल कोणी विचारलं तर डॉक्टरांकडे पाठवा, सल्ला देऊ नका.

अँटिबायोटिक्सच्या बाबतीत परिस्थिती खरोखर सुधारली आहे. माणसांसाठी महत्त्वाची अँटिबायोटिक्स केवळ वाढीसाठी खुराकात मिसळणं २०१७ पासून बंद झालं, आणि जून २०२३ पासून तशा औषधांची इंजेक्शनंही पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. हार्मोनच्या गोळ्या कानाच्या कातडीखाली बसवतात, त्या कायदेशीर आहेत. युरोपने अशा मांसाची आयात १९८९ पासून बंद ठेवली आहे. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणा.

माझं भारतातलं शिक्षण इथे काय कामाचं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. उष्णता, गोचीड, निकृष्ट चारा यांत तग धरणाऱ्या गुरांबद्दल आपण जे घरात शिकतो ते टेक्सस, लुइझियाना, फ्लोरिडात रोजच्या उपयोगाचं आहे.

तिकडे जी अमेरिकन ब्राह्मन जात दिसते, ती मुळात भारतातून आलेल्या वळूंपासून घडवलेली: गुजरातची कांक्रेज आणि गीर, आंध्रची ओंगोल, आणि आपली कृष्णाकाठची, म्हणजे कृष्णा व्हॅली. सांगली-मिरज भागातल्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या चिकट जमिनीत ओढकामासाठी ही जात जोपासली. १८५४ मध्ये लुइझियानातल्या रिचर्ड बॅरो या मळेवाल्याला ब्रिटिश सरकारकडून दोन भारतीय वळू मिळाले होते. १९०६ मध्ये टेक्ससमध्ये भारतातून मोठी आयात झाली आणि १९२४ मध्ये या जातीची पैदासकार संघटना उभी राहिली. ब्रँगस, सांता गर्ट्रुडिस, बीफमास्टर या संकरित जातींत तेच रक्त आहे. आज आमच्याच भागात कृष्णा व्हॅलीची जनावरं शोधावी लागतात, आणि टेक्ससच्या कुंपणापाशी तिचं वशिंड, तिची गळ्याखालची लोंबती पोळी ओळखू येते. एखाद्या रँचरला त्याच्या वळूच्या पूर्वजांचं गाव सांगून बघा, तुमच्याशी तो तासभर बोलेल.

अर्ज कधी आणि कशाच्या आधारावर?

बहुतेक जाहिराती सप्टेंबर ते जानेवारीत निघतात आणि फेब्रुवारीपर्यंत जागा भरतात. मार्चमध्ये जाग आली तर उशीर झालेला असतो. रेझ्युमे, एक पानी पत्र, गुणपत्रक, दोन-तीन शिफारसी. अ‍ॅनिमल सायन्स, कृषी संज्ञापन, आहारशास्त्र, जनसंपर्क, यातलं काहीही चालतं. मराठीत केलेलं काम लपवू नका. कृषी महाविद्यालयात असताना ‘रावे’च्या (ग्रामीण कार्यानुभवाच्या) काळात गावात घेतलेल्या सभा, शेतकऱ्यांना दिलेली लसीकरणाची माहिती, हेच तर इथलं काम आहे.

व्हिसाचं काय?

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपला सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याचा परवाना, लागतो. त्यासाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं हवं, आणि काम तुमच्या अभ्यासक्रमाचा भाग हवं, बहुतेकदा इंटर्नशिपचं क्रेडिट घेऊन. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची मंजुरी तुमच्या आय-२० वर (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावर) येईपर्यंत एक तासही काम करू नका. बिनपगारी काम असेल तरी आधी त्यांना विचारा. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाला तर पुढचा ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याचा परवाना, जातो. एका उन्हाळ्याने काही बिघडत नाही. काही संघटना जाहिरातीतच कामाच्या परवान्याबद्दल लिहितात. लिहिलं नसेल तर मुलाखतीआधी ईमेलने विचारून घ्या.

पगार आणि टॅक्स?

तासावर पगार किंवा ठरावीक रक्कम. कुठे राहायची सोय असते, बहुतेक ठिकाणी नसते. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर सीपीटी मिळाल्यावर लगेच अर्ज करा, वेळ लागतो. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात साधारणपणे लागू नसते. छोट्या ऑफिसात हे माहीत नसल्यामुळे ती चुकून कापली जाते, तेव्हा पहिली पगारचिठ्ठी नीट बघा. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (करपात्र उत्पन्नातली सरसकट वजावट) मिळतं, ते विवरणपत्र भरताना विसरू नका.

गाडी नसेल तर?

कठीण आहे. मेळावे दोन-तीनशे मैलांवर असतात, बस नसते. काही ऑफिसं गाडी देतात, पण राज्याचं लायसन्स लागतंच. हिवाळ्यातच काढून ठेवा. आणि बूट घ्या, चांगले चामडी. शेणात सँडल टिकत नाहीत.

भारतात परतल्यावर याचा उपयोग?

बीफचा तसा नाही, पण कौशल्याचा नक्की. शेतकऱ्यांनी आपले पैसे एकत्र करून आपल्या मालाची ओळख करून द्यायची, ही कल्पना आपल्याकडे पुण्यातून राबवली गेली आहे. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली आणि ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ घराघरांत गेलं. तिथे सक्ती नव्हती, अंडी उत्पादक स्वेच्छेने एकत्र आले होते, हा मोठा फरक. दूध, शेळीपालन, मत्स्यव्यवसाय, सगळीकडे उत्पादकाच्या बाजूने साध्या भाषेत बोलणारी माणसं कमी आहेत.

रेझ्युमेवर ‘बीफ’ दिसल्यामुळे भारतात मुलाखतीत भुवया उंचावतील का, असं विचारतात. एखाद्या ठिकाणी उंचावतील. पदाचं नाव जसं होतं तसंच लिहा, बदलू नका. खाली काय काम केलं ते लिहा, बोलणं तिकडे वळतं.

अर्जाच्या पत्रात काय लिहू?

‘मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे’ हे प्रत्येक पत्रात असतं, ते वगळा. एखाद्या अवघड गोष्टीबद्दल अनोळखी माणसाला तुम्ही कधी, कसं समजावलं, तो एक प्रसंग नीट लिहा. त्या राज्यात किती गुरं आहेत, तिथली कुरणं कशी आहेत, कौन्सिलने गेल्या वर्षी काय केलं, हे वाचून त्याबद्दल एक खराखुरा प्रश्न पत्रातच विचारा. खात नसाल तर ते मुलाखतीत स्वतःहून सांगा, पत्रात लिहिण्याची गरज नाही. आणि पाठवण्यापूर्वी त्या राज्यात वाढलेल्या एखाद्या वर्गमित्राला पत्र वाचायला द्या. कुठल्या गावाचं नाव चुकलंय ते तो लगेच सांगेल.